ग्रोथ फॅक्टर म्हणजे नेमकं काय असतं? रिकाम्या दिसणाऱ्या कुपीची गोष्ट

लॅबमध्ये नवीन आलेलं पोर ही कुपी पहिल्यांदा हातात घेतं आणि ठरलेला प्रश्न विचारतं, "ताई, यात काहीच नाहीये, रिकामीच पाठवली का?" त्याची काही चूक नाही. बोटाच्या दोन पेरांएवढी कुपी, घट्ट झाकण, लेबलवर लिहिलेलं 'रिकॉम्बिनंट ह्यूमन ईजीएफ, १०० मायक्रोग्रॅम', आणि उजेडात कितीही फिरवून बघितली तरी तळाशी फार तर एक पुसट पांढुरका डाग, तोही कधी दिसतो कधी नाही. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग, तो डोळ्याला दिसणार तरी कसा.

हल्ली 'ग्रोथ फॅक्टर' हा शब्द लॅबच्या बाहेर पण फार ऐकू येतो. चेहऱ्याच्या सिरमच्या जाहिरातीत असतो, स्टेम सेलच्या (म्हणजे ज्यांच्यापासून बाकीच्या पेशी बनतात त्या मूळ पेशींच्या) बातम्यांत असतो, प्राणी न मारता लॅबमध्ये वाढवलेल्या मांसाच्या बातम्यांत तर हमखास असतो. आणि नाव ऐकून बहुतेकांना वाटतं की हे काहीतरी टॉनिक असणार, पेशींना पाजलं की त्या फोफावतात. तसं नाहीये, म्हणून हा लेख.

खाऊपिऊ घातलं तरी पेशी हलत का नाहीत

पेशी डिशमध्ये वाढवतात तेव्हा त्यांना एका गुलाबीसर पाण्यात ठेवतात, त्याला मीडिया म्हणतात. त्यात साखर असते, क्षार असतात, अमिनो आम्लं असतात, व्हिटॅमिन असतात, वर ३७ अंशाची ऊब. एवढी सगळी बडदास्त ठेवूनही शरीरातून काढलेल्या बऱ्याचशा पेशी नुसत्या बसून राहतात, एकाच्या दोन व्हायचं नाव घेत नाहीत, आणि काही तर हळूहळू मरतात. कारण शरीरातली पेशी स्वतःच्या मनाने वाढत नाही. शेजारच्या पेशीकडून किंवा लांबून कुठून तरी सांगावा आला पाहिजे की आता वाढ, आता थांब, आता तू कातडीची पेशी हो. हा सांगावा घेऊन जाणारं प्रोटीन म्हणजे ग्रोथ फॅक्टर.

ईजीएफ हे त्यातलंच एक, पूर्ण नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. ते पेशीच्या आत न शिरताच काम करून जातं. पेशीच्या बाहेरच्या आवरणात त्याला ओळखणारं एक प्रोटीन रोवलेलं असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात, अर्धा बाहेर अर्धा आत. एरवी हा रिसेप्टर हातपाय पोटाशी घेऊन वाकून बसल्यासारखा असतो. ईजीएफ येऊन चिकटलं की तो ताठ होतो, त्याचा एक हात मोकळा होतो आणि त्या हाताने तो शेजारच्या, तसाच ताठ झालेल्या दुसऱ्या रिसेप्टरला धरतो. जोडी जमली की दोघांची आतली टोकं एकमेकांवर फॉस्फेटचे ठिपके लावतात, आणि ते ठिपके बघून आतली बाकीची प्रोटीनं कामाला लागतात, एकाने दुसऱ्याला सांगायचं दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत निरोप जनुकांपर्यंत पोचतो. एकट्या रिसेप्टरने काम भागत नाही, जोडी लागते, हे लक्षात ठेवा, कॅन्सरच्या भागात परत लागेल.

शोध लागला उंदराच्या पिल्लांच्या डोळ्यांमुळे

ही गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा सविस्तर सांगते. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन शास्त्रज्ञ, १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे त्यांचं विद्यापीठातलं काम सुटलं तर त्यांनी घरच्या झोपायच्या खोलीत छोटी लॅब थाटली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भांवर काम चालू ठेवलं. युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. तिथे दिसलं की उंदराच्या एका गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भात लावला की मज्जातंतू त्या गाठीकडे झुंबड करून वाढतात, म्हणजे गाठीतून काहीतरी झिरपत होतं. ते काय आहे हे शोधायला १९५३ मध्ये स्टॅनली कोहेन नावाचे बायोकेमिस्ट त्यांच्यासोबत आले. ती वस्तू प्रोटीन आहे की डीएनए-आरएनए हे तपासायला कोहेन यांनी गाठीच्या अर्कात सापाचं विष घातलं, कारण विषातलं एक एन्झाइम डीएनए-आरएनए तोडतं, तर गंमत अशी झाली की परिणाम कमी व्हायच्या ऐवजी भलताच वाढला, म्हणजे ती वस्तू विषातच भरपूर होती! मग कोहेन यांनी विचार केला की सापाची विषग्रंथी म्हणजे एका अर्थी लाळग्रंथीच, तर उंदराच्या लाळग्रंथी बघाव्या. तिथेही ती सापडली. हा झाला नर्व्ह ग्रोथ फॅक्टर.

आता या लाळग्रंथींचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांना टोचला तर पिल्लांचे डोळे आठवड्याभरातच उघडायला लागले, एरवी त्याला साधारण १२ ते १४ दिवस लागतात. दात पण लवकर आले. दुसऱ्या कुणी 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिलं असतं, कोहेन त्याच्या मागे लागले आणि १९६२ मध्ये त्यांनी ते डोळे उघडणारं प्रोटीन वेगळं काढलं. तेच ईजीएफ. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं.

माणसाचं ईजीएफ पुढे मिळालं ते लघवीतून. जठरातलं आम्ल कमी करणारा एक पदार्थ लघवीत आहे हे माहीत होतं, त्याला युरोगॅस्ट्रोन म्हणायचे, १९७५ मध्ये त्याची रचना उलगडली आणि उंदराच्या ईजीएफशी इतकी जुळली की हे तर माणसाचं ईजीएफच निघालं.

मग लघवीतूनच का नाही काढत

काढता येतं, पण भरमसाठ लघवीतून चिमूटभर, आणि सोबत बाकीची काय काय प्रोटीनं येतील त्याचा भरवसा नाही. शरीरातून काढलेल्या प्रोटीनचा एक कटू अनुभव गाठीशी आहे. ग्रोथ हॉर्मोन, जे ग्रोथ फॅक्टरपेक्षा वेगळं आहे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून निघतं आणि उंची वाढवतं, ते पूर्वी मृत माणसांच्या ग्रंथींतून काढून मुलांना द्यायचे. १९८५ मध्ये लक्षात आलं की त्यातून काही जणांना क्रॉइट्झफेल्ट-जेकब नावाचा मेंदूचा जीवघेणा आजार झालाय, आणि ते बंद करावं लागलं.

दुसरा रस्ता तोवर तयार झालेला होता. १९७३ मध्ये हर्बर्ट बॉयर आणि स्टॅनली कोहेन यांनी एका जीवाचं जनुक जिवाणूत घालून तिथे त्याच्या नकला करून दाखवल्या. (हो, हे पण स्टॅनली कोहेन, पण वेगळे! ईजीएफवाले वेगळे, हे वेगळे, मी स्वतः बरेच दिवस दोघांना एकच समजत होते.) जनुक असं तोडून जोडण्याला रिकॉम्बिनंट म्हणतात, लेबलवरचा तो शब्द एवढाच. १९७८ मध्ये माणसाचं इन्सुलिन जिवाणूत बनलं, १९८२ मध्ये औषध म्हणून मंजूर पण झालं, आणि मग त्याच वाटेने ग्रोथ फॅक्टरही गेले.

जिवाणूत बनलेलं प्रोटीन 'माणसाचं' कसं, असं विचारणारे खूप भेटतात. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, कुठला मणी कितव्या जागी हे जनुकात लिहिलेलं असतं, आणि ती लिपी ई. कोलाय जिवाणूला आणि आपल्या पेशीला एकच. माळ तीच तर प्रोटीन तेच, ओवणारा कोण याने फरक पडत नाही. उलट ईजीएफच्या बाबतीत जिवाणूला कमीच काम पडतं. आपलं शरीर आधी १,२०७ मण्यांची लांबलचक माळ ओवतं आणि मग त्यातून ५३ मण्यांचा तुकडा कापून घेतं, जिवाणूला थेट त्या ५३ मण्यांचंच जनुक देतात. आणि तो चांगल्या परिस्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होतो, म्हणून संध्याकाळी थोडेसे टाकले तर सकाळी भांडं गढूळ.

एवढं सोपं आहे तर अडतं कुठे

घडी घालताना. माळ नुसती असून उपयोग नाही, ती ठराविक आकारात दुमडली पाहिजे, तरच रिसेप्टर तिला ओळखतो. ईजीएफच्या ५३ मण्यांत ६ मणी सिस्टीनचे आहेत आणि ते दोन-दोनच्या जोडीने एकमेकांत अडकतात, एकूण तीन जोड्या. पहिला तिसऱ्याशी, दुसरा चौथ्याशी, पाचवा सहाव्याशी. आता सहा जणांच्या तीन जोड्या किती प्रकारे लावता येतील हे कागदावर करून बघा, १५ येतात. त्यातली एकच बरोबर. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं की पुढची सगळी चुकत जातात, तसं.

ई. कोलायच्या पेशीच्या आत या जोड्या लागतच नाहीत, तिथलं रसायन त्यांना विरोध करतं. मग बऱ्याचदा होतं असं की बनलेलं प्रोटीन एकमेकांत गुंतून आतच त्याचे घट्ट गोळे होतात. ते गोळे काढायचे, युरियासारख्या रसायनात विरघळवून माळा पूर्ण सरळ करायच्या, आणि मग ते रसायन सावकाश कमी करत जायचं म्हणजे माळा आपापल्या नीट दुमडतात. घाई केली तर परत गोळे. या कामात अर्धं रसायनशास्त्र आणि अर्धा संयम लागतो.

काही ग्रोथ फॅक्टर जिवाणूच्या आवाक्याबाहेरचेच असतात. टीजीएफ-बीटासारखं जोडप्रोटीन, म्हणजे दोन माळा एकमेकींना जोडलेलं, किंवा ज्यांच्यावर साखरेच्या साखळ्या बसवाव्या लागतात ती प्रोटीनं, अशांसाठी सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरतात, हॅमस्टरच्या अंडाशयापासून आलेल्या सीएचओ किंवा माणसाच्या किडनीपासूनच्या हेक २९३. त्या सावकाश वाढतात, नाजूक असतात, म्हणून महाग पडतं. ईजीएफवर साखर लागत नाही, त्यामुळे जिवाणू पुरतो.

शुद्धता ९८ टक्के, मग काम करणारच ना?

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची असती तर ही सांगितली असती. लेबलवर शुद्धतेचा आकडा ठळक असतो, ९५ टक्क्यांच्या वर, ९८ टक्क्यांच्या वर वगैरे, आणि लोक तोच बघून घेतात. पण हा आकडा बहुतेक वेळा कसा काढतात बघा: प्रोटीनला डिटर्जंटमध्ये उकळतात, त्याच्या सगळ्या घड्या मोडतात, जोड्या पण तोडतात, आणि मग एका जेलमधून विजेच्या जोरावर पळवतात. छोटी प्रोटीनं पुढे जातात, मोठी मागे राहतात, एकच पट्टा दिसला म्हणजे शुद्ध. आता विचार करा, बटणं चुकलेला शर्ट आणि नीट लावलेला शर्ट, दोन्हींची सगळी बटणं काढून मग मोजमाप घेतलं तर फरक कळेल का? नाहीच कळणार. ९८ टक्के शुद्ध पण पूर्ण निकामी प्रोटीन असू शकतं आणि जेलवर ते छान दिसेल.

म्हणून बघायचा असतो तो काम करण्याचा आकडा. पेशींना थोडा वेळ उपाशी, म्हणजे निरोपाशिवाय ठेवतात, ईजीएफसाठी बहुतेक वेळा उंदराच्या ३टी३ पेशी घेतात, मग वाढत्या प्रमाणात ईजीएफ देतात आणि कुठल्या प्रमाणाला अर्धा परिणाम दिसतो ते मोजतात. याला ईडी५० म्हणतात, आणि हा आकडा जितका लहान तितका माल जोमदार. कुठे कुठे याच्या जागी 'एका मिलिग्रॅममध्ये १ कोटी युनिट' असं काहीतरी भारदस्त लिहिलेलं असतं, तर ती काही वेगळी तपासणी नाही. ईडी५० मिलिलिटरला किती नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग) असा घ्या आणि दहा लाखाला त्याने भागा. ०.१ ने भागलं की १ कोटी. तोच आकडा उलटा करून लिहिलेला.

शिवाय एक भानगड एंडोटॉक्सिनची. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणाचे तुकडे प्रोटीनसोबत येऊ शकतात, आणि आपल्या रोगप्रतिकारक पेशी त्यांना बघून अक्षरशः पेटतात, अगदी थोडे असले तरी. म्हणजे तुम्हाला वाटणार ग्रोथ फॅक्टरचा परिणाम दिसतोय आणि खरं तर पेशी जिवाणूच्या कचऱ्यावर चिडल्यात. ते नुसतं उकळून जात नाही. तपासणी करायला हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या निळ्या रक्ताचा अर्क वापरतात, एंडोटॉक्सिन असलं की तो गोठतो.

एवढ्याशाने होतं तरी काय

नेहमीचं प्रमाण मिलिलिटरला १० ते २० नॅनोग्रॅम. २० धरलं तरी त्या 'रिकाम्या' कुपीतून ५ लिटर मीडिया तयार होतो. आणि २० नॅनोग्रॅम म्हणजे काही कमी नाही, रेणू मोजले तर एका मिलिलिटरमध्ये जवळपास दोन लाख कोटी.

मात्र हाताळायला कुपी लहरी. उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवून पावडर तळाला आणायची, नाहीतर झाकणाला चिकटलेलं झाकणासोबत जातं. विरघळवताना गदागदा हलवायचं नाही. आणि एकदा विरघळलं की छोटे छोटे भाग करून गोठवायचे, तीच नळी रोज वितळवून परत गोठवली की प्रोटीन दमतं.

माझी फजिती सांगते. सुरुवातीच्या दिवसांत मी शहाणपणा करून ईजीएफ आधीच अगदी पातळ करून ठेवलं, नुसत्या बफरमध्ये (क्षारांच्या साध्या पाण्यात), म्हणजे रोजचं मोजमाप वाचेल. चार-पाच दिवसांत पेशी रुसल्या. वाढेनात, चपट्या होऊन पसरल्या. मी कुपीला नावं ठेवली, मीडिया बदलला, इनक्युबेटर तपासला, पेशी जुन्या झाल्या असं पण म्हणून झालं. शेवटी सीनियरने फ्रीजमधली ती नळी उचलली आणि विचारलं, "यात अल्ब्युमिन कुठंय?" इतक्या पातळ द्रावणातलं प्रोटीन प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून बसतं, पाण्यात काही उरतच नाही. म्हणून त्यात अल्ब्युमिनसारखं एखादं निरुद्योगी प्रोटीन भरपूर घालायचं असतं, ते भिंती अडवून धरतं आणि आपलं मोकळं राहतं. मी दोन आठवडे पेशींना रिकामं पाणी पाजत होते.

रिकॉम्बिनंट नव्हतं तेव्हा कसं चालायचं

सिरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यावर, चेहऱ्याचं सिरम नव्हे. गाईच्या पोटातल्या न जन्मलेल्या वासराच्या रक्तातून काढलेलं सिरम मीडियात घालायचं, त्यात सगळेच ग्रोथ फॅक्टर थोडे थोडे असतात. अजूनही खूप ठिकाणी तेच चालतं. पण त्यात नक्की काय आणि किती हे कुणालाच सांगता येत नाही, आणि प्रत्येक बॅच वेगळी, एक बॅच संपून दुसरी सुरू झाली की चालू प्रयोग बिघडतात. रिकॉम्बिनंटचा खरा फायदा मला विचाराल तर हा आहे, की आज दिलेला निरोप आणि सहा महिन्यांनी दिलेला निरोप अक्षर न अक्षर सारखा असतो.

यावरच पुढचं बरंच काही उभं राहिलं. २००९ मध्ये डच शास्त्रज्ञ हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबमध्ये आतड्याच्या एकाच स्टेम सेलपासून डिशमध्ये चिमुकल्या आतड्यासारखी रचना वाढवली, तिला ऑर्गनॉइड म्हणतात, त्यासाठी मुख्य निरोप तीन होते: ईजीएफ, नॉगिन आणि आर-स्पॉन्डिन. स्टेम सेल टिकवायला २०११ मध्ये जो फक्त आठ घटकांचा मीडिया निघाला त्यातही एफजीएफ२ आणि टीजीएफ-बीटा हे दोन ग्रोथ फॅक्टर आहेत.

वाढवतं म्हणता, मग कॅन्सर नाही का होणार

प्रश्न एकदम रास्त आहे. वर ती रिसेप्टरची जोडी सांगितली ना, काही कॅन्सरमध्ये, विशेषतः फुप्फुसाच्या काही प्रकारांत, हा रिसेप्टर असा बिघडलेला असतो की निरोप आला नाही तरी तो आत ठणाणा करत राहतो. काही गाठींत रिसेप्टरची संख्याच अफाट वाढते. २००४ मध्ये मंजूर झालेलं सेटुक्सिमॅब हे औषध ईजीएफची बसायची जागाच अडवतं. आणि अशी औषधं तपासताना डिशमध्ये काय घालतात? तर हेच रिकॉम्बिनंट ईजीएफ, म्हणजे निरोप मुद्दाम द्यायचा आणि औषध तो अडवतंय का बघायचं.

नुसतं ईजीएफ दिल्याने चांगल्या पेशीची कॅन्सरची पेशी होते असं नाही, पण आधीच बिघडलेली पेशी तिथे बसली असेल तर तिलाही तो निरोप ऐकू जातो. म्हणून औषध म्हणून वापरताना सावधपणा असतो. मधुमेहाच्या पायाच्या जखमांसाठी पीडीजीएफ या ग्रोथ फॅक्टरचं जेल अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झालं, २००८ मध्ये त्यावर कॅन्सरसंबंधी कडक इशारा लावला गेला आणि आणखी माहिती आल्यावर २०१८ मध्ये तो काढला.

मग लॅबमधलं चेहऱ्याला लावलं तर?

नका लावू. लेबलवर 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेलं असतं ते उगाच नाही. औषध बनवताना प्रत्येक टप्प्याची नोंद, निर्जंतुकपणा, माणसांवरच्या चाचण्या हे सगळं लागतं, लॅबच्या कुपीचं त्यातलं काहीच झालेलं नसतं, ती पेशींसाठी बनलेली असते.

आणि त्वचेचं म्हणाल तर, ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू धडधाकट त्वचेतून सहजी आत जात नाहीत असा एक ठोकताळा आहे. ईजीएफ ६,२०० च्या आसपास. जखम असेल तर गोष्ट वेगळी, तिथे दारच उघडं असतं, पण सिरमच्या जाहिरातीतला चेहरा काही जखमी नसतो.

लॅबमधल्या मांसाचं घोडं इथेच अडलंय

मांस वाढवायचं म्हणजे पेशी वाढवायच्या, म्हणजे निरोप पाठवत राहायचे, पण इथे ५ लिटरने काय होणार, हजारो लिटरच्या टाक्या लागतात. शिवाय एफजीएफ२, ज्याच्याशिवाय यातल्या बऱ्याच पेशींचं पान हलत नाही, ते ३७ अंशाला तासांच्या हिशोबात निकामी होतं. त्याचे काही मणी बदलून दिवसचे दिवस टिकणारे प्रकार आता आलेत, पण ते सगळीकडे रुळेपर्यंत लॅबमध्ये जे चालत आलंय तेच, रोज सकाळी जुना मीडिया काढायचा आणि ताजं एफजीएफ२ घातलेला भरायचा, रविवार असला तरी कुणीतरी यायचं.